पाचकोंडच्या झऱ्याचं पॉइंट चार

१० मार्च, सोमवार

सापडलं! आणि सापडलं नसतं तर फार बरं झालं असतं.

सकाळी नितेश पेंटरचा फोन. "मॅडम, पाचकोंडच्या टाकीवर बोर्ड रंगवतोय. झऱ्याचं पाणी किती लिहू?" एवढंच विचारलं बिचाऱ्याने. आकडा मला तोंडपाठ — पॉइंट चार. पण उगाच शहाणपणा सुचला, म्हटलं फील्डबुकात बघून सांगते. गेल्या मे महिन्यातलं पान. माझंच अक्षर, घामाने पसरलेलं. वीस लिटरचा कॅन, भरायला १८० सेकंद. म्हणजे सेकंदाला ०.१११ लिटर. त्याखाली दोन रेघा मारून — तासाला ०.४ घनमीटर. रेघा का मारल्या तेही आठवतं. गणित सुटसुटीत आलं म्हणून आनंद झाला होता.

मग कॉम्प्युटरवर योजनेचा तक्ता उघडला. तिथेही ०.४. पण रकान्याच्या डोक्यावर लिहिलंय — लिटर प्रतिसेकंद!

तासाच्या घनमीटरचा आकडा मी सेकंदाच्या लिटरच्या रकान्यात टाकला. एकदा ३.६ ने गुणून झालेलं होतं, तक्त्याने इमानदारीत पुन्हा गुणलं. झरा साडेतीन पटींहून मोठा झाला. कागदावर.

नितेशला म्हटलं, थांब, उद्या सांगते. "मॅडम, डब्यातला रंग सुकतोय." सुकू दे!

११ मार्च, मंगळवार

पाच वेळा गणित केलं. सहाव्यांदा उत्तर बदलेल असं का वाटतं माणसाला?

खरा झरा — दिवसाला ९,६०० लिटर. माझा झरा — दिवसाला ३४,५६०.

माणशी पंचावन्न लिटर धरतात. पाचकोंडच्या वरच्या वाडीत एकशे सत्तर माणसं. खऱ्या झऱ्याचं पाणी त्यांना जेमतेम पुरतं, उरत काही नाही. योजना मुळात तेवढ्यांसाठीच होती. पण माझा आकडा बघून पाध्ये सर — पाणीयोजना आखणाऱ्या आमच्या ऑफिसचे मालक — म्हणाले, "एवढं पाणी आहे तर खालचा मोहल्लाही घेऊन टाकू." खाडीकाठचा मोहल्ला, तीनशे तीस माणसं. शिमगा आला की त्यांच्या विहिरी मचूळ होतात, पाणी तोंडात धरवत नाही.

झरा वरच्या वाडीच्या हद्दीत, म्हणून त्यांची संमती हवी. मुंबईचे चाकरमानी गणपतीला गावात असतात, तेव्हा सभा घेतली. तिथे उभं राहून बोललं कोण? मी! "दोन्ही वाड्यांना पुरून उरेल." पुरून उरेल — हेच शब्द. टाळ्या पडल्या, ठराव झाला, सह्या झाल्या. आता टाकी उभी आहे, पाइप खालपर्यंत गेलेत आणि पाडव्याला उद्घाटन. चंद्र दिसला तर दुसऱ्या दिवशी ईद.

मोहल्ल्यात लोक ईदच्या गोड्या पाण्याची वाट बघतायत आणि मी इथे बसून ३.६ ने भागतेय.

१२ मार्च, बुधवार

बाथरूमचा नळ ठिबकतो. मिनिटाला चाळीस थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर. म्हणजे तासाला १२० मिलिलिटर, दिवसाला जवळजवळ तीन लिटर. हे बरोबर आलं! ज्याचा काही उपयोग नाही ते सगळं बरोबर येतं मला.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. ऑफिस बंद. आईने काल पुरणपोळ्या केल्या होत्या, आजही त्याच. घास घशाखाली उतरत नाही. "कोणाच्या प्रेमाबिमात पडलीस काय गो?" — आई. पडले असते तर किती सोपं होतं!

मांडवीला गेले चालत. जेट्टीच्या टोकापर्यंत जायचं, परत यायचं. अशा तीन फेऱ्या. भेळवाला तिसऱ्यांदा बघून हसला. मी नाही हसले.

सांगितलं तर मोहल्ल्याचं पाणी तुटतं. नाही सांगितलं तर मे महिन्यात दोन्हीकडे कोरड, आणि वर भांडणं. वरचे म्हणणार, खालच्यांनी पाणी पळवलं. खालचे म्हणणार, वरच्यांनी वॉल्व्ह पिळला. आणि दोघांनाही कळणार नाही की पाणी मुळात रत्नागिरीतल्या एका टेबलावर वाढवलेलं होतं.

१५ मार्च, शनिवार

सरांना सांगितलं.

त्यांनी फील्डबुक बघितलं, तक्ता बघितला, चष्मा काढून पुसला. ओरडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "पाडवा होऊ दे."

"पण सर, मे महिन्यात—"

"मेमध्ये पाणी कमी आलं तर झरा आटला म्हणायचं. कोकणात झरे आटतात, राही. कोण येतंय मोजायला?"

आणि मग मायेने — खरंच मायेने! — "हुशार मुलगी आहेस. एवढ्यातेवढ्यासाठी नाव घालवू नकोस." कोणाचं नाव, सर? बोर्डावर तर ऑफिसचं नाव आहे.

खोटं कशाला लिहू. पाच मिनिटं मला हायसं वाटलं. ऑफिसचा जिना उतरेपर्यंत.

१८ मार्च, मंगळवार

आज मी फार वाईट वागले.

रमजानभाई ऑफिसात आले. खालच्या मोहल्ल्यातले. चोवीस वर्षं कुवेतला समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात होते, आता गावी पंपदुरुस्ती करतात. रोजा असून उन्हातून दोन एस्ट्या बदलत आलेले. पाणी विचारायचीही सोय नाही.

"बेटी, एक सांग. टाकीत झऱ्याचं किती पडणार? घनमीटर नको, मिनिटाला किती लिटर ते सांग. पहिल्या दिवशी मी बादली नि घड्याळ घेऊन बसणार हाय. जुनी सवय."

खरं उत्तर — ६.६७. पावणेसातलाही थोडं कमी.

तोंडातून निघालं — "चोवीस."

"चोवीस!" म्हातारा खुलला अगदी. "झुबेदाला सांगतो. तिने मोरीत नळ बसवून घेतलाय, रोज फडक्याने पुसते. पाण्याचा पत्ता नाय, पण नळ बघा, कसा चकाचक!" बायकोची चेष्टा करून एकटेच हसले. मीही हसले. हसले मी! लाज कशी वाटली नाही?

आत्तापर्यंत ती चूक होती. आज तिचं खोटं झालं. चुकीला ३.६ ने भागता येतं. खोट्याला कशाने भागायचं?

२० मार्च, गुरुवार

राहवेना. रजा टाकली, कॅन आणि स्टॉपवॉच घेतलं आणि स्कूटरने सरळ पाचकोंड. मनात एक वेडी आशा — गेल्या वर्षी मोजतानाच काहीतरी चुकलं असेल, कॅन गळका असेल. झराच माझ्या बाजूने उभा राहील.

वीस लिटर — १२० सेकंद. पुन्हा — ११८. पुन्हा — १२१. म्हणजे सेकंदाला ०.१६७. मार्चमध्येच ही अवस्था! मेमध्ये १८० होणारच. गेल्या वर्षी मी अगदी बरोबर मोजलं होतं. इतकं बरोबर मोजून माणूस इतकं चुकू शकतं!

झऱ्यावर वरच्या वाडीच्या बायका भरत होत्या. चिऱ्याच्या पाखाडीवर, खालच्या पायऱ्यांवर, मोहल्ल्यातल्या सात-आठ जणी हंडे घेऊन उन्हात उभ्या. वरच्यांचं भरून झाल्याशिवाय त्यांनी पुढे यायचं नाही, असा रिवाज. कधीपासून, कोणी पाडला — कोणाला ठाऊक नाही. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. वरच्या बायकाही भरताना मान वर करत नव्हत्या.

काशीकाकू आल्या. साठीच्या असतील. पाणी समितीत बाई हवी असा नियम, म्हणून त्यांचं नाव घातलेलं. सभेत त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नाही.

"परत मोजतंस काय गो?"

"असंच, काकू."

"मोजून काय वाढनार हाय?" म्हणाल्या आणि घरातून कोकम सरबत आणून दिलं. सांगणार होते. ओठांवर आलं होतं! पण पाखाडीवरच्या बायका बघत होत्या. ग्लास रिकामा केला आणि निघाले. निघाले कसली, पळाले.

२१ मार्च, शुक्रवार

पेट्रोल भरताना मीटरकडे बघत राहिले. मिनिटाला किती लिटर, तासाला किती घनमीटर... मागून ओरडा — "ओ ताई, गाडी घ्या की पुढे!"

२४ मार्च, सोमवार

नितेशने बोर्ड रंगवला. आकडा सरांकडून घेतला म्हणे. फोटो पाठवलाय. पांढऱ्यावर निळं — झऱ्याचा प्रवाह ०.४ लिटर प्रतिसेकंद. फार सुबक अक्षर आहे त्याचं.

२५ मार्च, मंगळवार

ग्रामपंचायतीला पत्र लिहायला घेतलं. "सविनय निवेदन की" — पुढे काही नाही. चार कागद फाडले. सविनय काय निवेदन करणार? की मला रकान्याचं नाव वाचता येत नाही?

२७ मार्च, गुरुवार

शेवटी आईला सांगितलं. ती चवळीच्या शेंगा मोडत होती. सगळं ऐकून घेतलं. लिटर, घनमीटर तिला किती कळलं देव जाणे. म्हणाली, "सांगून टाक आणि नीट जेव."

"अगं पण मोहल्ल्याचं पाणी जाईल."

"नसलेलं पाणी जाणार कसं?"

इतके दिवस डोकं फोडून मला हे सुचलं नव्हतं. जे नाहीच, ते मी हिरावून घेत नाहीये. फक्त नाही म्हणून सांगतेय.

ठरलं. पाडव्याला, सगळ्यांसमोर. आज दोन भाकऱ्या खाल्ल्या.

२९ मार्च, शनिवार

उद्या. साडी नेसू की ड्रेस घालू यावर तासभर घालवला — चूक कबूल करायला माणूस काय घालतं?

३० मार्च, रविवार. पाडवा

सांगितलं.

शिमग्यात पालखी बसते त्या सहाणेसमोर मांडव होता. चाकरमानी आदल्या दिवशीच आलेले, कडक इस्त्रीचे शर्ट. मुंबई मंडळाचे अध्यक्ष लवूदादा पाण्यावर पंधरा मिनिटं बोलले. पाणी देण्यासारखं पुण्य नाही म्हणाले. पाध्ये सर पहिल्या रांगेत. रमजानभाई पांढरे कपडे घालून, हातात पाना घेऊन खालच्या वॉल्व्हपाशी उभे. पाखाडीवर मोहल्ल्यातल्या बायका. त्यांत झुबेदाचाची असणार, मी बघितलंच नाही तिकडे.

मग मला "दोन शब्द" बोलायला सांगितलं. वाचलं — झऱ्याला तासाला ०.४ घनमीटर पाणी आहे, सेकंदाला ०.४ लिटर नव्हे, ही माझी चूक. कोणाला काही कळलं नाही. दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या! सर मात्र खुर्चीतून अर्धवट उठले होते.

मग कागद खाली ठेवला आणि साध्या भाषेत सांगितलं. "पाणी फक्त वरच्या वाडीपुरतं आहे. खाली दिलं तर दोघांनाही कमी पडेल. मी गणपतीत चुकीचं सांगितलं होतं. माफ करा."

लवूदादा उभे राहिले. "म्हणजे आमचं आम्हालाच जेमतेम?"

"हो."

"मग विषयच मिटला."

दहा मिनिटांत सगळं झालं. गणपतीतला ठराव रद्द. हात वर करा म्हणाले, हात वर झाले — सगळे पुरुषांचे, निम्म्याहून जास्त मुंबईला परत जाणारे. बायका एका बाजूला बसल्या होत्या, त्यांना कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. खालच्या वॉल्व्हला कुलूप लागलं. किल्ली लवूदादांच्या खिशात, आणि लवूदादा संध्याकाळच्या गाडीने मुंबईला.

रमजानभाईंनी पाना पिशवीत ठेवला. जाताना माझ्यासमोर थांबले. "खरं सांगितलंस बेटी. बरं केलंस." त्या कोरड्या ओठांनी! ओरडा ना माझ्यावर कोणीतरी! सगळे असे समजूतदार का?

काशीकाकू तेवढ्या एकटक बघत होत्या माझ्याकडे. राग होता त्यात. बरोबर आहे, वाडीला फसवलं मी. त्यांनाच पहिल्यांदा सांगायला हवं होतं.

३१ मार्च, सोमवार. ईद

रमजानभाईंनी एस्टीच्या कंडक्टरबरोबर डबा पाठवला. शीरखुर्मा. आईने वाटी भरून पुढे ठेवली. भांडी घासायला, हात धुवायला त्यांनी आज पाणी कुठून आणलं असेल, कितीदा पाखाडी चढले असतील, हेच मनात. आईने दोन्ही वाट्या संपवल्या.

२ एप्रिल, बुधवार

सरांनी बोलावलं. "पाचकोंडची फाइल अनिलकडे द्या. बाकीच्या पण." द्या! चार वर्षांत पहिल्यांदा मला अहो-जाहो. बसा म्हणाले नाहीत.

पण खरं सांगू? वाईट वाटलं नाही. दुपारी घरी आले, जेवले, दोन तास मेल्यासारखी झोपले. प्लंबरला बोलावून बाथरूमचा नळ दुरुस्त करून घेतला. खरं बोललं की मन हलकं होतं म्हणतात, ते उगाच नाही. मोहल्ल्यासाठी दुसरा झरा शोधता येईल, वरच्या कातळी सड्याच्या पलीकडच्या अंगाला एक ओल आहे असं ऐकलंय. मी स्वतः जाऊन मोजेन. एककं तीनतीनदा तपासून!

तरी पाय एका जागी ठरत नाहीत. काशीकाकूंची ती नजर जात नाही डोळ्यांसमोरून. एकदा जाऊन माफी मागितली की सुटले.

६ एप्रिल, रविवार

काशीकाकूच आल्या. पहिल्या एस्टीने, पत्ता विचारत विचारत. मी माफीचं बोलायला लागले तर हात वर करून थांबवलं.

"आमची एक्केचाळीस घरं. मे महिन्यात घरामागं वीस कळशा, दिवसरात्र धरून. तेवढंच येतं ते. चाळीस वर्षं भरतंय मी. मला ठावं नसंल?"

आठशे वीस कळशा. बारा लिटरची कळशी. चोवीस तास. तासाला ०.४१ घनमीटर. तिथल्या तिथे गणित झालं माझ्या डोक्यात — फील्डबुकातलाच आकडा!

"मग गणपतीत बोलला का नाहीत, काकू?"

"बोललो असतो तर हे मुंबईवाले हो म्हनाले असते? यांनी कधी कळशी उचललीय? आमा बायकांचं ठरलं व्हतं, गप ऱ्हायचं. त्या उन्हात उभ्या ऱ्हातात, आमी भरून घेतो, मग घरी घास गोड लागत नाय गो. सगळ्यांत वाटून आठ-आठ कळशा आल्या असत्या. भागवलं असतं. तुझ्या कागदाच्या जिवावर व्हतं सगळं."

मग कमरेची पिशवी उघडून चिठ्ठी काढली. लवूदादांचा नंबर. "फोन लाव. म्हनावं पाडव्याला चुकलं, पयला कागदच खरा."

चिठ्ठी समोर आहे. काकू बाहेर ओट्यावर बसल्यात. त्यांची एस्टी साडेचारला आहे.